पेटीला खिडकी

काही माणसे परक्या घरी गेली की पुस्तकांच्या कपाटापुढे उभी राहतात, काही थेट देवघराकडे वळतात. मला सवय आहे ती यजमानांकडे स्क्रूड्रायव्हर मागण्याची. चष्म्याची काडी सैल झाली आहे, एवढे कारण पुरते. मग जे घडते ते पाहण्यासारखे असते. यजमान एक खण उघडतात. त्यात मेणबत्त्या, रबर बँड आणि तीन वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका निघतात. दुसरा खण अडकलेला असतो, आणि तो उघडायलाच स्क्रूड्रायव्हर लागेल अशी परिस्थिती असते. घरातली मंडळी एकमेकांवर आरोप करू लागतात. शेवटी यजमानीणबाई स्वयंपाकघरातून भाजी चिरायची सुरी आणून तिचे टोक पुढे करतात आणि विचारतात, "याने नाही का व्हायचं?" घरात टेलिव्हिजन दोन असतात, मोबाइल माणशी एक असतो, पण धड पक्कड एकही नसते.

आमच्या घरी ही पाळी कधी आली नाही. आमच्या पलंगाखाली एक काळी लोखंडी ट्रंक होती. जुन्नर-आंबेगावकडच्या माणसांनी मुंबईला दोन वस्तू पुरवल्या, भाजीपाला आणि मनगटे. कुणी डबे वाहिले, कुणी बाजारात ओझी उचलली, आणि माझ्या वडिलांसारखे पुष्कळ जण गिरणीत गेले. वडील १९४८ साली गेले ते फिटर म्हणून. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत वडिलांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली. संप मिटल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही, आणि वडीलही आपण परत आलो असे कधी म्हणाले नाहीत. ते नुसते एका संध्याकाळी नारायणगावच्या स्टँडवर उतरले. बरोबर वळकटी होती आणि ही ट्रंक होती.

ट्रंकेत काय होते? सपाट, अर्धगोल, गोल आणि तिकोनी कानशी. एक हॅक्सॉ. तीन छिन्न्या. सेंटर पंच, दोन हातोड्या, फूटभर लांबीची पोलादी पट्टी, कंपास, काटकोन्या, आटे पाडायचे टॅप, आणि हाताने दांडा फिरवून चालवायचे एक ड्रिल. प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. आणि सगळ्यांत वर, पितळी डबीत, जाड काचांचा एक चष्मा. त्या चष्म्याला नंबर नव्हता. १९६१ साली गिरणीत काम करताना छिन्नीच्या डोक्याची चेपून बाहेर आलेली कड उडाली आणि वडिलांच्या डाव्या डोळ्यात शिरली. त्या डोळ्याला पुढे फक्त उजेड आणि अंधार कळे. चष्मा त्यांनी त्यानंतर घेतला, आणि उरलेली एकवीस वर्षे तो लावल्याशिवाय हातोडी उचलली नाही. मी लहानपणी खिळा ठोकायला गेलो तरी आधी तो चष्मा माझ्या नाकावर यायचा; दोन्ही कानांवरून घसरून तो हनुवटीपर्यंत यायचा ती गोष्ट निराळी.

मी हायस्कुलात गणिताचा मास्तर झालो. माझा मुलगा हिंजवडीला एका कंपनीत आहे. त्याच्या हाताने आजवर माउसखेरीज दुसरे हत्यार धरलेले नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. वडिलांनीच मला फळा-खडू दाखवला होता, आणि त्याला पडद्यापुढे मीच बसवले. पण वर्षातून एकदा, दसऱ्याला, ट्रंक बाहेर काढून हत्यारांना तेल लावताना आणि झेंडू वाहताना मनात येई की पूजा तर चालू आहे, पण ही पूजा आता नेमकी कुणाची? अलीकडे माझा उजवा हात थोडा कापतो. चहाची बशी वाजते. कानस धरायला शिकवायचे असेल तर त्याला आता किती दसरे उरले, हा हिशेब गणिताच्या मास्तराला करावाच लागतो.

आणि अशा वेळी, गेल्या मे महिन्यात, माझी नात माळ्यावर चढली. ती आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते आणि शनिवार-रविवार आमच्याकडे नारायणगावला येते. माळ्यावरून तिने खाली आणली ती तिच्या वडिलांच्या २००३ सालच्या संगणकाची पेटी. रंग पिवळट, साबणाच्या जुन्या वडीसारखा; वर वीतभर धूळ.

"आबा, हिला खिडकी पाडायचीये," ती म्हणाली.

"कशाला? संगणकाला बाहेर बघायचंय का?"

"नाही, मला आत बघायचंय."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. इतरांसाठी थोडे सांगतो. ज्या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो, ती सीपीयू नव्हे. सीपीयू ही आतली बिस्किटाएवढी चकती. पेटी म्हणजे तिचे घर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही घरे सगळी एकाच तोंडवळ्याची, सरकारी वसाहतीसारखी असत. मग १९९८ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी आपला संगणक कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला सुरुवात केली. त्या वर्षी आलेली ३०० मेगाहर्ट्झची एक स्वस्त चकती थोड्या खटपटीने ४५० पर्यंत पळे. पळणारा दमतो आणि तापतो. म्हणून त्यांनी पेटीला भोके पाडून जादा पंखे बसवले. भोके पाडता पाडता हात बसला, मग बाजूला खिडकी कापली, आत दिवा लावला, आणि एक छंदच जगभर पसरला. याला 'केस मॉडिंग' म्हणतात. कोकणी माणूस घराला पडवी काढतो, त्यातलाच हा प्रकार.

नातीची अडचण मात्र हौसेची नव्हती. तिने दोन वर्षे शिष्यवृत्तीचे पैसे साठवून नवा मदरबोर्ड आणि इतर भाग घेतले होते. पेटीला पैसे उरले नव्हते. आता एक गोष्ट या धंद्यात चांगली आहे. मदरबोर्डाचे माप आणि त्याच्या स्क्रूंच्या जागा इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स या नावाने ठरवून दिल्या, त्या आजही चालतात. बारा इंच बाय नऊ पूर्णांक सहा दशांश इंच. त्यामुळे आजचा बोर्ड बापाच्या पेटीत बिनबोभाट बसतो. बसत नाही ती त्याची उष्णता. जुन्या पेटीत ८० मिलिमीटरच्या पंख्याची एकच जागा होती. नव्या बोर्डाला किमान १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवेत. म्हणजे वर एक मोठे भोक पाडणे भाग होते, आणि वर भोक पाडायचेच तर बाजूला खिडकी का नको, असा तिचा युक्तिवाद. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, "पप्पा, तिला म्हणावं तयार पेटी मागव, मी पैसे भरतो. उगाच हात कापून घेईल." ही म्हणाली, "अहो, मुलीच्या जातीला..." आणि नातीच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य अर्धेच ठेवून चहा टाकायला गेली. मी काहीच बोललो नाही. पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली.

नातीने मोबाइलवरून हत्यारांची एक यादी काढून ठेवली होती. तिच्यात पंचवीसेक नावे होती आणि निम्मी विजेवर चालणारी. त्या यादीवर आमचा अर्धा दिवस गेला. माझे मत मी तिला सांगितले ते इथेही सांगतो. पत्र्याच्या कामात पहिले हत्यार म्हणजे पोलादी पट्टी, दुसरे सेंटर पंच, आणि बाकीची सगळी त्यानंतर. कारण विजेच्या हत्याराला वेग असतो, दिशा नसते. दिशा द्यायची ती पट्टीने आणि पंचाने. पत्र्यावर आधी रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावायची. तिच्यावर पेन्सिलीची रेघ स्पष्ट दिसते, आणि हत्यार घसरले तर रंगाला ओरखडा पडत नाही. मग जिथे भोक पाडायचे तिथे पंच उभा धरून हातोडीचा एकच ठोका. जोंधळ्याच्या दाण्याएवढा खळगा पडला की ड्रिलचे टोक तिथे बसते आणि पत्र्यावर नाचत नाही.

ड्रिल नातीच्या मैत्रिणीच्या भावाचे होते, विजेचे. या पिस्तुलाच्या आकाराच्या ड्रिलचा इतिहास गमतीचा आहे. हातात धरायचे विजेचे ड्रिल जर्मनीत १८९५ साली निघाले, पण ते दोन्ही हातांनी छातीशी कवटाळावे लागे. पुढे अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघा भागीदारांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि चाप बसवला. त्याचे पेटंट १९१७ सालचे. तेव्हापासून घरोघरच्या गृहस्थांना कधी नव्हे तो पिस्तूल धरल्याचा आनंद मिळू लागला. मात्र या पिस्तुलाची गोळी म्हणजे आपणच. पातळ पत्रा हाताने धरून ड्रिल लावले, की टोक पलीकडे निघताना अडकते आणि अख्खा पत्रा पंख्याच्या पात्यासारखा गरकन फिरतो. म्हणून पत्रा खाली लाकडाची फळी घालून शिकंज्यात आवळायचा. ओढणी, सैल बाही, मोकळी वेणी, काहीही ड्रिलजवळ न्यायचे नाही. आणि फिरत्या टोकाशी हातमोजेही नकोत, कारण मोजा गुंडाळला गेला तर बरोबर हातालाही नेतो. साधे ड्रिल पातळ पत्र्यात गोल भोक पाडतच नाही, तिकोनी पाडते, हे तिने स्वतः पाहिले आणि ती चकित झाली. त्यावर उपाय म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे, दीपमाळेसारखे दिसणारे ड्रिल. ते पत्र्यात हळूहळू उतरते आणि भोक गोल राहते.

खिडकीची लांब कापणी जिगसॉने करायचे ठरले. हे यंत्र एका स्विस माणसाने १९४६ साली काढले; त्याने म्हणे बायकोच्या शिवणयंत्रातली सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले. बायको काय म्हणाली याची नोंद कुठे सापडत नाही. जिगसॉच्या पात्याबाबत मास्तरातला मास्तर जागा झाला. मी तिला वहीत मांडायला लावले. बारीक दातांचे पाते घेतले तर त्यात इंचाला ३२ दात. म्हणजे दोन दातांत अंतर साधारण ०.८ मिलिमीटर. आपला पत्रा किती जाड? वर्निअरने मोजला, ०.८ मिलिमीटरच भरला. कापताना किमान दोन-तीन दात पत्र्यात असले तर पाते सुरळीत चालते. इथे एका वेळी जेमतेम एक. तो अडकणार, आपटणार, पत्रा फडफडणार आणि दात तुटणार. मग करायचे काय?

ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आबा, पत्रा जाड करायचा."

"कसा?"

"वरखाली प्लायवूड लावून. सँडविच."

मी तिला उत्तर सांगितले नव्हते. फिटर लोक पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत. पण वहीवरून ते तिने स्वतः काढले, आणि चाळीस वर्षांच्या मास्तरकीत असे क्षण मी बोटांवर मोजू शकतो.

यादीत ग्राइंडरही होता. चार इंची चकतीचा हात-ग्राइंडर आता खेडोपाडी पोचला आहे. गजापासून नळापर्यंत सगळे त्याने कापतात. तो मी यादीतून काढून टाकला. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारी चकती म्हणजे हत्यार नव्हे, तो संताप आहे. बांधकामावर त्याचा उपयोग असेल, पण ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर तो कापण्याआधी पत्रा तापवतो, निळा करतो आणि वाकवतो. ज्यांना तो वापरायचाच आहे त्यांनी निदान चकतीवर लिहिलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाहीत ना हे पाहावे, आणि त्याचे लोखंडी कवच काढून ठेवू नये. दहातल्या नऊ ठिकाणी मी ते काढलेलेच पाहिले आहे. कारीगर म्हणतात, मध्ये येते. डोळ्याच्या मध्ये यायलाच ते केलेले असते.

मोठे गोल भोक मात्र घरी होणार नव्हते. एकशेवीसच्या पंख्याला साधारण साडेचार इंची होल सॉ लागते आणि चार कोपऱ्यांच्या स्क्रूंत १०५ मिलिमीटर अंतर. म्हणून आम्ही बायपासजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांच्या अंगणात ऊस-ट्रॉलीचा सांगाडा होता, द्राक्षबागेचे अँगल होते, आणि मध्यभागी अर्धवट झालेला बिबट्याचा पिंजरा. जुन्नरकरांना त्याचे नवल नाही. इथे उसात बिबटे वाढतात आणि माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्र आहे. मेस्त्रींनी आमची पेटी उलटीपालटी करून पाहिली.

"गुरुजी, ह्याला जाळी काढून काच लावायची म्हंता? आमच्या पिंजऱ्याला अजून कुनी खिडकी न्हाई मागितली."

"तुमचं गिऱ्हाईक आतून बाहेर येऊ नये म्हणून असतं मेस्त्री, आमचं बाहेरून आत बघायला."

ते हसले, पण पत्रा हाताखाली घेतल्यावर त्यांचे हसू थांबले. बोटाने कड चाचपून ते म्हणाले, "जुना माल हाय, चांगलाय. अर्धा सुती रिव्हेट का एक सुती?" ज्यांना हे माप नवे असेल त्यांना सांगतो: एका इंचाचे आठ सूत. देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली केला, आम्ही मुलांना मीटर-लिटर शिकवले, पण लोखंडाच्या दुकानात आजही सूतच चालते. आणि गंमत ही, की संगणकाच्या पेटीतही चालतो तो इंचच. आतले निम्मे स्क्रू इंचाला ३२ आट्यांचे, निम्मे तीन मिलिमीटरचे. दिसायला जुळे भाऊ. पण तीन मिलिमीटरचा स्क्रू इंची भोकात खुळखुळतो, आणि इंची स्क्रू तीनच्या भोकात घुसवला तर आटेच खाऊन टाकतो. नातीने दोन वेगळ्या वाट्या केल्या. वडिलांची इंची पट्टी या एका कामासाठी चाळीस वर्षे थांबली होती असे म्हणायला हरकत नाही.

होल सॉ मेस्त्रींनीच चालवायची असा त्यांचा आग्रह होता. नातीने विचारले, "काका, मी करू?" ते माझ्याकडे पाहू लागले. मी खिशातून पितळी डबी काढली आणि चष्मा तिच्या हातात दिला. तो तिने लावला. काचा जुन्या, त्या चिप उडाल्यावर फुटणार नाहीत याची खात्री नाही, हे मला माहीत होते, म्हणून मेस्त्रींचा प्लॅस्टिकचा मोठा गॉगल मी त्यावरून चढवला. दोन चष्म्यांत ती पाणबुड्यासारखी दिसत होती. तिने थेंबभर तेल सोडले, वेग कमी ठेवला, दाब बेताचा दिला. कीस कुरळा होऊन बाहेर पडू लागला. मेस्त्री एक हात पुढे करून उभे होते, अडखळणाऱ्या पोराच्या मागे उभे राहतात तसे. चकती खाली पडली तेव्हा त्यांनी ती उचलली, कड पाहिली, आणि आपल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाले, "ये, बघ हे."

घरी आल्यावर कानशीचे काम. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. ती मारल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना ती उचलायची, नाहीतर दात बोथट होतात. डावा हात टोकावर, उजवा मुठीवर, आणि जोर मनगटाचा नव्हे, खांद्याचा. माझा हात कापत होता, म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवला नाही, नुसते शेजारी उभे राहून सांगत गेलो. दातांत कीस अडकू नये म्हणून कानशीवर खडू घासतात. खडू आमच्या घरी मुबलक. निवृत्तीच्या दिवशी एक अख्खा खोका मी बरोबर आणला होता. पहिली तीन मिनिटे कानस किंचाळत होती. मग आवाज बदलला. हा बदल शब्दांत सांगता येत नाही, पण ज्याने ऐकला आहे त्याला तो शेजारच्या खोलीतूनही कळतो. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, मामंजींसारखं वाजतंय."

हे सगळे उघड्या पेटीवर, बरे का. बोर्ड, चकत्या, तारा, काही म्हणजे काही आत नसताना. लोखंडाच्या किसाचा एक कण बोर्डावरच्या दोन टाक्यांना जोडून बसला, तर दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीची राख. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडून फिरवायचा. पिशवी उलटी केली की कीस झडतो.

खिडकीवर तीन मिलिमीटरचे ॲक्रिलिक बसवायचे होते आणि काम तिथेच संपले असते. पण आम्ही राहतो खोडदच्या शेजारी. खोडदला दुर्बिणी आहेत, आरशाच्या नव्हेत, रेडिओच्या. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेल्या आणि १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना, पंचवीस किलोमीटर पसरलेल्या. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही शाळेची मुले घेऊन तिथे जात असू. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की साध्या मोबाइलचीही तिथे अडचण होते. पुणे-नाशिक लोहमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणींचा विचार करावा लागला. आणि संगणक ही तर रेडिओ-गोंगाटाची खाणच. त्याची लोखंडी पेटी हा गोंगाट आत कोंडून ठेवते. तिला हातभर खिडकी पाडायची म्हणजे गोंगाटाला दार उघडून द्यायचे. ॲक्रिलिक उजेडाला आरपार, तसे रेडिओलाही आरपार.

मी हे बोललो तेव्हा नातीचा चेहरा पडला. "म्हणजे खिडकी नाही?"

"खोडदच्या तबकड्या कशाच्या आहेत?"

"स्टीलच्या."

"पत्र्याच्या?"

ती थांबली. त्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, जाळीच्या आहेत. अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर जाडीची स्टीलची तार, मधल्या भागात १० मिलिमीटरची चौकट, कडेला २० ची. सोळा कमानींवर ताणलेल्या दोरांना ती जाळी बांधलेली आहे. वारा तिच्यातून निघून जातो म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. पण ज्या रेडिओलहरींची लांबी वीतभर ते दोन-तीन मीटर आहे, त्यांना ती जाळी भिंतच वाटते. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारात हीच युक्ती आहे. आपल्याला आतला पापड दिसतो, लहरी मात्र बाहेर येत नाहीत.

तेव्हा ॲक्रिलिकच्या आतून स्टीलची बारीक जाळी लावायचे ठरले. ती चाळणीवाल्याकडे मिळाली. हे काम सगळ्यांत नाजूक निघाले. जाळी सैल राहिली तर दिसायला गबाळी; आणि कडेला रंगावर टेकली तर निरुपयोगी, कारण लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे. नातीने खिडकीच्या चारही बाजूंचा रंग घासकागदाने खरवडून पत्रा उघडा केला. मग जाळी पापडासारखी चहूबाजूंनी ताणून, वर पट्टी ठेवून, दर इंचाला एक पॉप रिव्हेट मारला. एक सुती. एकूण छपन्न. रिव्हेट गनची मूठ दाबून तिचा तळवा लाल झाला, पण तिने ती कुणाच्या हातात दिली नाही. तिच्या आजीने न विचारता खोबरेल तेलाची बाटली आणून शेजारी ठेवली.

नंतर आम्ही माझा ट्रान्झिस्टर आणला. एफएमवर एक दूरचे केंद्र लावले, जे आमच्याकडे अंधूकच ऐकू येते. जाळीशिवायचे दार लावून संगणक चालू केला की ते केंद्र करकरीत बुडून जाई. जाळीचे दार लावले, आणि गाणे पुन्हा वर आले. पूर्ण स्वच्छ नव्हे; तारांतूनही थोडे निसटतेच. पण गाणे कोणते ते ओळखता आले. नातीने तीन वेळा दार काढून लावून पाहिले. चौथ्या वेळी मुलाने, जो त्या रविवारी पुण्याहून आला होता, ते तिच्याकडून मागून घेतले आणि स्वतः लावून पाहिले. मग तो त्याच्या जुन्या पेटीपुढे मांडी घालून बसला आणि रिव्हेटांच्या रांगेवरून बोट फिरवत राहिला. काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "ही कानस कशी धरायची म्हणालात?"

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले तेव्हा पेटी वसतिगृहात गेली आणि तिच्यामागून ट्रंकही. एसटीच्या कंडक्टरने ट्रंक उचलून पाहिली आणि सामानाचे तिकीट फाडले. नातीचा पहिला फोन आला तो वसतिगृहातल्या कपाटांच्या बिजागऱ्यांबद्दल. चौदा बिजागऱ्या आतापर्यंत बसवून झाल्या आहेत आणि वरच्या मजल्याची यादी बाकी आहे. पितळी डबी तिने नेली नाही. तिने नवा गॉगल घेतला आहे, आणि ते ठीकच झाले.

पलंगाखाली ट्रंकेच्या जागी हिने दुसऱ्याच दिवशी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. परवा दिवाळीच्या सफाईसाठी त्या बाहेर काढल्या तेव्हा फरशीच्या सांध्यात काहीतरी चमकले. वाकून पाहिले तर एक सुती ड्रिलचे पाते. ट्रंक ओढताना कधी पडले असेल. त्याची धार अजून चांगली आहे. तेलाचे बोट फिरवून मी ते कागदात गुंडाळले आहे. शनिवारी ती आली की द्यायचे.